चार डोक्यांचं पाकीट

पाकीट जाऊबाईंच्या गळ्यात असायचं. तपकिरी, चेनचं, तीन कप्प्यांचं, आणि त्याला त्यांनी स्वतः विणलेली जाड दोरी. सहलीला निघायच्या आदल्या दिवशी ते कपाटातून बाहेर यायचं, आणि परत घरी येईपर्यंत आंघोळ सोडली तर त्यांच्या अंगावरून उतरायचं नाही. पहिल्या कप्प्यात नोटा, दुसऱ्यात चिल्लर, तिसऱ्यात एक चिमुकली वही आणि पेन्सिलीचा तुकडा. चार डोकी, चौघांचे सारखे पैसे. कोणी जास्त खाल्लं, कोणी नुसतं पाणी पिऊन उठलं, असल्या फालतू चौकशांना जाऊबाईंच्या राज्यात जागा नव्हती. त्यांचे यजमान, म्हणजे घरातले दादा, दोन माणसांचं जेवण एकटे संपवायचे आणि वर धाकटीच्या ताटलीतला पाव उचलायचे. तरी त्यांचं डोकं एकच. धाकटीचं पोट चिमणीचं, पण डोकं मात्र अख्खं मोजलं जायचं.

धाकटी म्हणजे धाकटी सून. या घरात येऊन तिला सोळा वर्षं झाली होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण जाऊबाईंनी पहिल्या दिवशी 'धाकटे' म्हणून हाक मारली ती कायमची चिकटली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती फ्रेमींमध्ये काचा बसवायची. तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलून जागच्या जागी लावायचे, हे तिचं काम. तिथे तिला सगळे मान देत. मालकसुद्धा तिच्या टेबलाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून जायचे. घरात आणि सहलीत मात्र तिला कोणी कशाला विचारलंय!

तर त्या पाकिटाचा एक नियम होता. ते रिकामं करून घरी यायचं नाही. जाऊबाई पूर्वी औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसत, आणि तिथल्या म्हाताऱ्या मालकाने त्यांना शिकवलं होतं, गल्ला कधी कोरडा ठेवू नये, तळाशी काहीतरी राहू द्यावं. ते त्यांनी सहलीलाही लावलं. पाच दिवस एक सूप दोघांत, एक कॉफी दोघांत, टॅक्सीऐवजी बस आणि बसऐवजी पाय, असं करत करत शेवटी काही ना काही उरायचंच. ते वाटून घ्यायचं नाही. ते पाकिटातच राहायचं, पुढच्या वर्षासाठी. आणि चौघांचे पैसे पाकिटात पडून आहेत म्हटल्यावर पुढच्या वर्षी चौघांनीच जायला हवं, हे ओघाने आलंच. शिल्लक उरली की सहल ठरली. अशा पंधरा सहली झाल्या होत्या आणि ही सोळावी होती.

पहिली सहल धाकटीच्या लग्नानंतरची. लग्नानंतर नवरा-बायको फिरायला जातात, तशी ही दोघंही गेली. फक्त चौघं गेली. चार खाटांची खोली दोन दोन खाटांच्या दोन खोल्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते, हे जाऊबाईंनी तेव्हाच शोधून काढलं होतं. नव्या नवरीने पहिल्या रात्री छताकडे बघत दादांचं घोरणं ऐकलं. पलीकडच्या खाटेवरून नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "झोप लागत नाही का? सवय होईल." सवय झाली. माणसाला कसलीही सवय होते, म्हणून ते बरं असतं असं थोडंच आहे?

घरी तरी काय वेगळं होतं! दादा-वहिनी खालच्या मजल्यावर, ही दोघं वरच्या. दादांचा लेक हे लग्न व्हायच्या आधीच शिकायला परगावी गेला आणि तिथेच राहिला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरात कुठेही कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की याचा फोन वाजायचा आणि हा तोंडातला घास तोंडात ठेवून निघायचा. फोन नसेल त्या संध्याकाळी दादा वर यायचे. मूल झालं नाही. डॉक्टरांनी काही कारणं सांगितली, धाकटीची स्वतःची काही वेगळी कारणं होती, पण ती डॉक्टरांना सांगण्यासारखी नव्हती.

नवरा माणूस वाईट नव्हता. आईवडील लवकर गेले, दादांनी पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली फिरून याला शिकवलं, स्वतःचे बूट शिवून शिवून वापरले आणि याला नवे घेतले. दादांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. तीच तर पंचाईत होती. बोलून दाखवलं असतं तर एकदाचं कडाक्याचं भांडण करून मोकळं होता आलं असतं. न बोललेले उपकार फेडायचे तरी कसे? धाकटी मनाला समजवायची, की हा भिडस्त आहे, याच्या तोंडून दादांपुढे 'नाही' निघत नाही एवढंच. मनातून याला माझ्यासारखंच वाटत असणार. या एका समजुतीवर तिने सोळा वर्षं काढली.

या वर्षी तिच्या दुकानात एक म्हातारं जोडपं आलं होतं. बाईंचा नवा चष्मा तयार झाला होता, आणि बसवून बघायला धाकटी स्वतः बाहेर आली. बाईंनी चष्मा लावला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, केवढा म्हातारा झालास रे!" दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. धाकटीही हसली, मग मागच्या खोलीत जाऊन तिने स्टुलावर बसून खूप वेळ काही काम केलं नाही. आपल्या नवऱ्याने आपल्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना.

त्याच रविवारी जेवताना तिने विषय काढला.

"पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ या."

"कुठे?"

"कुठेही. दोघंच."

नवरा बराच वेळ चावत राहिला. "दादाला काय सांगायचं?"

"सांगायचं, आम्ही दोघं जाणार आहोत. गुन्हा आहे का तो?"

"गुन्हा नाही गं. पण पाकिटात सगळ्यांचे पैसे असतात ना. ते अडकलेले असताना कुठल्या तोंडाने सांगू?" मग त्याला एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं आणि चेहरा मोकळा झाला. "हे बघ, एकदा का ते पैसे संपले, हिशेब मिटला, की कोणी कोणाला बांधलेलं नाही. मग खुशाल दोघंच जाऊ."

"नक्की?"

"शब्द दिला म्हण."

देणाऱ्याला या शब्दाची किंमत काहीच पडली नव्हती. जाऊबाईंच्या पाकिटाचा तळ दिसणं आणि सूर्य पश्चिमेला उगवणं, दोन्ही सारखंच. पण धाकटीने तो शब्द गाठीला बांधला. तिला वाटलं, नवऱ्याने निदान दार तरी दाखवलं.

सोळावी सहल तळ्याकाठच्या एका गावाला होती. जुनी तीन मजली लॉज, लाकडी जिना, तिसऱ्या मजल्यावर चार खाटांची खोली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई जिना उतरताना वहीत काहीतरी लिहीत होत्या, आणि शेवटची पायरी त्यांच्या लक्षात आली नाही. पाय मुरगळला. घोटा बघता बघता टम्म सुजला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, तीन दिवस पाय उशीवर, चालणं बंद.

दुपारी जाऊबाईंनी धाकटीला जवळ बोलावलं. मानेमागे हात घालून दोरी काढली. दोरीखाली मानेवर एक फिकट वळ होता, तो धाकटीने पहिल्यांदाच पाहिला.

"धाकटे, हे धर. या दोघांच्या हातात देऊन उपयोग नाही. एक भोळा आणि दुसरा खादाड."

दादा पलंगावर पेपर वाचत होते, ते पेपराआडून म्हणाले, "मी ऐकतोय."

"ऐका की. अकराशे चाळीस आहेत," जाऊबाईंनी नोटा तिच्यासमोर दोनदा मोजल्या. "तीन दिवस राहिले. रोजचे दोनशे सत्तर धर. म्हणजे सव्वातीनशेच्या वर उरतील. येतानाची तिकिटं काढलेली आहेत. आणि दोरी गळ्यातच ठेव, हातात घेऊन मिरवू नकोस."

धाकटीने दोरी गळ्यात घातली. पाकीट अंगाला गरम लागलं. तिच्या मनात त्या क्षणी काय आलं ते तिलाही आधी नीट कळलं नाही. खाली रस्त्यावर आल्यावर कळलं. तीन दिवसांत अकराशे चाळीस. एवढंच तर करायचं होतं.

काटकसर शिकावी लागते, उधळपट्टी मात्र उपजत येते असं म्हणतात. धाकटीला ती येत नव्हती. पहिल्या संध्याकाळी तिने मोठ्या धाडसाने चौघांसाठी चार वेगळ्या कॉफ्या मागवल्या, आणि आपण बँक लुटली असं तिला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी हात मोकळा झाला. तिने टॅक्सी बोलावली. जाऊबाईंना खुर्चीवर बसवून दोन माणसांकडून उचलून खाली आणलं आणि तळ्यावर अख्खी बोट भाड्याने घेतली, गाद्यांची, छत असलेली. बोटवाल्याने भाव सांगितला तेव्हा नवऱ्याने तिचं कोपर ओढलं.

"अगं, दुसऱ्या लोकांबरोबरची बोट निम्म्यात मिळते."

"ताईंचा पाय लांब करायला जागा नको?"

सुजलेल्या घोट्याइतकी चांगली सबब तिला आयुष्यात मिळाली नव्हती. बोट संथ चालली होती, पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, आणि दादा लहान मुलासारखे काठावरून हात पाण्यात बुडवून बसले होते. दुपारी पाण्याला लागून असलेल्या हॉटेलात खिडकीजवळचं टेबल घेतलं. दादांनी सोळा वर्षांत पहिल्यांदा दुसरी कॉफी मागितली, आणि ती त्यांना मिळाली.

"धाकटीच्या राज्यात मजा आहे बुवा," दादा ओठ पुसत म्हणाले. "नाहीतर आमच्या गल्ल्यावर कायम 'सुट्टे पैसे द्या'!"

जाऊबाई मासा खात होत्या, अख्खा, एकटीने, काटे बाजूला काढून काढून. "किती झाले गं?" एवढंच त्यांनी एकदा विचारलं.

"लिहून ठेवतेय, ताई."

आणि ती खरंच लिहीत होती. एक पैचीही लबाडी तिला करायची नव्हती. जे खर्च झालं ते चौघांवर झालं, चौघांनी खाल्लं, चौघं फिरले. चोरी असती तर तिला झोप लागली नसती. ती फक्त पाकीट रिकामं करत होती.

नवरा मात्र उदास होत चालला होता. रस्त्यात एकदा तो मागे राहून तिला म्हणाला, "हात जरा आखडता घे ना. वहिनी काय म्हणतील?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पैसे संपले की मोकळे?"

तो तिच्याकडे बघायला लागला. आठवायला त्याला थोडा वेळ लागला, हे तिला दिसलं. मग तो हसला. "हो, हो. म्हणालो होतो खरं." आणि झपझप चालत त्याने दादांना गाठलं.

शेवटच्या दिवशी तिने मोठा हात मारला. लॉजवाल्या बाईंना जाऊन विचारलं, तळमजल्यावर दोन खाटांची खोली आहे का? जिना चढता-उतरताना आमच्या ताईंचे हाल होतात. बाई म्हणाल्या, आहे, पण मग तुम्ही दोघं चार खाटांच्या खोलीत राहून काय करणार, तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर तळ्याच्या बाजूची देते. भाडं ऐकून धाकटीने डोळे मिटले आणि नोटा मोजून दिल्या. संध्याकाळी सहाला सामान हललं. सोळा सहलींमध्ये पहिल्यांदा धाकटीने एका खोलीचं दार आतून लावलं आणि त्या खोलीत तिच्या नवऱ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

खोली लहान होती. पांढरी चादर, एक आरसा, आणि मोठी खिडकी. खिडकीतून तळं दिसत होतं आणि पाण्यावर ऊन उतरत चाललं होतं. धाकटीने केस सोडले, विंचरले, परत बांधले नाहीत. दुकानातून तिने या सहलीसाठी स्वतःला नवी फ्रेम घेतली होती, बारीक कडांची, तीन दिवसांत ती कोणाच्या नजरेला पडली नव्हती. ती खिडकीजवळ उभी राहिली, उजेड चेहऱ्यावर येईल अशी.

"छान आहे ना?"

"छान आहे," नवरा म्हणाला. त्याने पलंगावर बसून एकदा उसळून बघितलं. मग तो उठून खिडकीजवळ आला. धाकटीने चेहरा त्याच्याकडे वळवला. त्याने खिडकीचं दार पुढे-मागे करून पाहिलं. "बिजागरी सैल आहे बघ. कधीतरी हातात येईल." खिशात कायम असणारं छोटं पेचकस त्याने काढलं आणि स्क्रू आवळायला लागला. चारही स्क्रू आवळून झाल्यावर दार उघडमीट करून त्याची खात्री पटली. मग तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "दादा झोपला असेल का?"

"सात वाजतायत."

"वहिनींना काही लागलं तर?"

"दादा आहेत ना तिथे."

"दादाला काय कळतंय! मी आलोच बघून. पाचच मिनिटं."

पाच मिनिटांची वीस झाली. धाकटी पलंगावर बसून राहिली. सांगायला तिच्याकडे सोळा वर्षांचं साचलेलं होतं, त्यातलं पहिलं कुठलं सांगायचं ते ती जुळवत होती. तेवढ्यात खालून हसण्याचा मोठा आवाज आला. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. अंगणात टेबल मांडलेलं, जाऊबाईंचा पाय एका खुर्चीवर, दादा पत्ते पिसत होते, आणि तिचा नवरा काहीतरी सांगत होता, हातवारे करून, डोळे मोठे करून. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या कुठल्यातरी साहेबांची गोष्ट असणार. घरात कधी एवढा खुललेला तिने त्याला पाहिला नव्हता. त्याचं लक्ष वर गेलं.

"अगं, ये ना खाली! चौथा गडी हवाय!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वरून पाण्याचा तांब्या ओतावा असं क्षणभर वाटलं. पण ती केस बांधून खाली गेली, चौथी म्हणून बसली, आणि हातातल्या पानांकडे न बघता पानं टाकत राहिली. ती स्वतःला बजावत होती, अजून पाकीट संपलेलं नाही. अजून तो बांधलेलाच आहे. उद्या तळ दिसला की याला समजेल, आपण मोकळे झालो. माणूस आशेवर किती खुळा होतो ते बघायचं असेल तर धाकटीला त्या टेबलावर बघायला हवं होतं.

सकाळी नाश्त्याला तिने काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही. स्टेशनपर्यंत टॅक्सी केली. गाडीला वीस मिनिटं होती. जाऊबाईंना बाकावर बसवलं, चार कॉफ्या आणल्या, आणि चिल्लरीच्या कप्प्यात तीन नाणी उरली. ती तिघांकडे पाठ करून उभी राहिली आणि ती तीन नाणी कशावर घालवावी याचा विचार करू लागली. बरोबर तेव्हाच जाऊबाई म्हणाल्या, "धाकटे, मला जरा जाऊन यायचंय गं. गाडीतलं मला नको वाटतं." स्टेशनच्या स्वच्छतागृहात माणशी तीन नाणी पडत. सोळा वर्षांची शिल्लक अशी शेवटी तिथे गेली. धाकटीला त्याही स्थितीत हसू आलं.

परत आल्यावर तिने गळ्यातली दोरी काढली आणि पाकीट जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"ताई, संपले."

"सगळे?"

"सगळे. वहीत लिहिलंय."

जाऊबाईंनी पहिला कप्पा उघडला, दुसरा उघडला, मग पाकीट उलटं करून झटकलं. वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही. धाकटीने कान बंद करून घेतल्यासारखं तोंड केलं. आता तोफ डागली जाणार हे ठरलेलंच होतं.

"सुटले बाई," जाऊबाई म्हणाल्या.

"काय?"

"मला दिसत होतं की, काय चाललंय तुझं. इतकी वर्षं गल्ल्यावर बसलेय, एवढं कळणार नाही?" त्यांनी मानेवरचा वळ चोळला. "म्हटलं, करू दे. हे लोढणं माझ्याच्याने तर काही सुटत नाही. आमचा लेक दोन वर्षं झाली बोलावतोय त्याच्याकडे. दरवेळी वाटायचं, या दोघांचे पैसे आपल्याकडे पडलेत, यांना टाकून कसं जायचं?"

दादा खाकरले. "मीही हिला तेच म्हणत होतो. पुढच्या वर्षी आम्ही जाऊ त्याच्याकडे. तुम्ही दोघं जा की कुठेतरी. आम्हा म्हाताऱ्यांना कुठवर ओढत न्याल?"

धाकटीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मग तिला रडू फुटायला आलं. ज्या दोघांना तिने सोळा वर्षं पाण्यात पाहिलं, तीच दोघं दार उघडून बाजूला उभी राहिली होती. ती नवऱ्याकडे वळली. आता त्याला काही बोलायची, कोणाचं मन मोडायची गरजच उरली नव्हती. त्याने नुसतं 'बरं' म्हणायचं होतं.

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"असं कसं दादा? असं काय बोलतोस?" तो घाईघाईने खिसे चाचपायला लागला. "एक वर्ष जास्त खर्च झाला म्हणून काय सहल मोडायची? लेकाकडे काय, कधीही जाता येईल. सुट्टीचे दोन भाग करा, आधी त्याच्याकडे, मग आपण चौघं." त्याला पाकीट सापडलं, स्वतःचं. त्यातून त्याने दोन मोठ्या नोटा काढल्या. "गल्ला कोरडा ठेवू नये, तुम्हीच म्हणता ना वहिनी? हे घ्या, आमच्या दोन डोक्यांचे. सुरुवात झाली."

"अरे, पण ही बिचारी..." जाऊबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "तुम्ही दोघं जा ना कधीतरी."

"आम्ही दोघं?" नवरा हसला. अगदी मनापासून हसला, त्यात वाईट हेतू काही नव्हता. "आम्ही दोघंच जाऊन करणार काय, वहिनी? एकमेकांची तोंडं बघत बसणार?"

कोणी हसलं नाही. दादा गाड्यांच्या वेळापत्रकाकडे बघायला लागले. जाऊबाईंनी पाकीट मिटायला घेतलं होतं, त्यांचे हात तसेच राहिले. भिडस्तपणा, उपकार, शिल्लक, ज्या ज्या गोष्टींवर धाकटीने आजवर खापर फोडलं होतं, त्यातली एकही खरी नव्हती. त्याला तिच्याबरोबर एकट्याने राहायचंच नव्हतं. कधीच नव्हतं. आणि हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, म्हणून तो इतक्या सहज बोलून गेला.

नवऱ्याने नोटा पाकिटात सरकवल्या. "आणि पाकीट यापुढे हिच्याकडेच ठेवा. खर्च करायला छान जमतं हिला."

धाकटी पुढे झाली. पाकिटाचा पहिला कप्पा उघडून तिने त्यातली एक नोट काढून घेतली. हात थरथरला नाही. चिमट्याने स्क्रू उचलताना थरथरत नाही, तसाच.

"एकाच डोक्याचे राहू देत. माझं डोकं धरू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, नंतरही नाही."

"अगं, गंमत केली मी."

"मी नाही केली."

गाडी आल्याची घोषणा झाली. लोक सामान उचलायला लागले, दादा उगाचच बॅगा मोजायला लागले. नवरा तिच्या अगदी जवळ आला, आणि दादांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने दबक्या आवाजात म्हणाला, "दादासमोर कशाला बोललीस असं? काय वाटलं असेल त्याला?"

ती थोडी थांबली. ती का येणार नाही, येणार नाही म्हणजे कुठे राहणार, एकटीच कुठे जाणार, यातलं काहीतरी तो विचारेल म्हणून थांबली. त्याने विचारलं नाही. तो दादांच्या हातातली जड बॅग घ्यायला धावला. धाकटीने नोटेची घडी घालून ती आपल्या पर्समध्ये ठेवली, आणि जाऊबाईंना काखेत धरून गाडीत चढवायला गेली.